कवटी न उघडता मेंदूपर्यंत: एका उपचाराचा दोनशे वर्षांचा प्रवास

१/
मे १८०१. इटलीतील बोलोन्या शहराच्या सांत'ओर्सोला रुग्णालयात लुइजी लांझारिनी नावाचा २७ वर्षांचा शेतकरी दाखल झाला. गाढ विषण्णतेने त्याला ग्रासले होते. पुढे त्याच्या डोक्यावरचे केस भादरले गेले, टाळू ओली केली गेली आणि तिला विजेची तार टेकवली गेली.

मित्रहो, शस्त्राचा स्पर्शही न करता बाहेरून मेंदू चेतवण्याच्या उपचाराचा इतिहास आज पाहू.

२/
विजेने दुखणे बरे करण्याची कल्पना मात्र याहून फार जुनी. रोमन सम्राट क्लॉडियसच्या काळातील वैद्य स्क्रिबोनियस लार्गस याने जुनाट डोकेदुखीवर एक उपाय लिहून ठेवला आहे: दुखऱ्या जागी जिवंत टॉर्पेडो मासा ठेवावा आणि ती जागा बधिर होईपर्यंत तसाच राहू द्यावा. हा मासा विजेचा धक्का देतो. अर्थात, 'वीज' म्हणजे काय याची त्या वैद्याला कल्पना नव्हती. आराम पडतो, एवढे त्याला ठाऊक होते.

३/
हे कोडे अठराव्या शतकाच्या अखेरीस सुटू लागले. बेडकाच्या पायातील स्नायू विजेने आकसतात, हे सांगणारा निबंध लुइजी गाल्वानीने १७९१ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच्या निष्कर्षांशी वाद घालता घालता आलेस्सांद्रो व्होल्टाने १८०० मध्ये जगातील पहिली विद्युतघटमाला जाहीर केली. सलग वाहणारी वीज प्रथमच माणसाच्या हाती आली. त्यानंतर जेमतेम वर्षभरातच ती एका रुग्णाच्या डोक्यापर्यंत पोहोचली!

४/
पोहोचवणारा होता जोवान्नी अल्दिनी, गाल्वानीचा भाचा आणि बोलोन्यातील भौतिकशास्त्राचा प्राध्यापक. त्याने हा प्रयोग स्वतःच्या डोक्यावरही करून पाहिला होता. मेंदूला जोराचा धक्का जाणवला आणि पुढे काही दिवस झोपच उडाली, अशी नोंद त्याने केली आहे. या उपचाराचा मनाच्या व्यापारांवर काय परिणाम होतो, याविषयीच्या आरंभीच्या नोंदींपैकी ही एक. ती दुष्परिणामाची आहे, हे ध्यानात ठेवावे.

५/
लांझारिनीवर काही आठवडे उपचार चालले. तो हळूहळू सुधारला आणि बरा होऊन घरी गेला. अल्दिनीने १८०४ च्या आपल्या ग्रंथात ही हकीकत अभिमानाने सांगितली.

पण इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने क्षणभर थांबावे. सुधारणा विजेमुळे झाली? की कोणीतरी रोज येऊन आस्थेने विचारपूस करत होते, म्हणून? की विषण्णतेचा तो झटका काळाच्या ओघात आपोआपच ओसरला? एकाच रुग्णाच्या कथेतून याचे उत्तर मिळत नाही. पुढची दोनशे वर्षे याच प्रश्नाभोवती फिरतात.

६/
अल्दिनीला कीर्ती मिळाली ती मात्र वेगळ्याच प्रयोगाने. जानेवारी १८०३ मध्ये लंडनच्या न्यूगेट तुरुंगात फाशी गेलेल्या जॉर्ज फॉर्स्टर याच्या प्रेतातून त्याने वीज सोडली. जबडा थरथरला, एक डोळा उघडला. प्रेक्षकांना मेलेला माणूस जिवंत होतोय की काय, असे वाटले. अशा प्रदर्शनांनी विजेभोवती अद्भुताचे वलय निर्माण केले. पुढे एकोणिसाव्या शतकात सर्व व्याधींवर रामबाण म्हणून विजेचे पट्टे विकले गेले. वैद्यक आणि भोंदूगिरी यांच्यातली सीमारेषा पुसट झाली.

७/
दरम्यान, दुसरी वाट प्रयोगशाळेतून निघाली. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे जवळच्या वाहकात वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवले होते. १८९६ मध्ये पॅरिसच्या द'आर्सोंव्हाल याने मोठ्या वेटोळ्यातून प्रत्यावर्ती विद्युतप्रवाह सोडला आणि त्यात माणसाचे डोके ठेवले. डोळ्यांपुढे प्रकाशाचे ठिपके चमकले, भोवळ आली. ठिपक्यांचे कारण बहुधा मेंदूत नसून डोळ्यातील दृष्टिपटलात होते. तरीही चुंबक शरीराच्या आत, न टोचता पोहोचू शकतो, हे सिद्ध झाले.

८/
१९३८ मध्ये रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी विद्युत-आघात उपचार सुरू केला. आपल्या चित्रपटांनी ज्याला 'शॉक देणे' म्हणून भयानक रूप दिले, तो हाच. यात विजेने मुद्दाम आकडी आणली जाते. तीव्र नैराश्यावर तो प्रभावी ठरला आणि आज भूल देऊन केला जातो. मात्र त्याची एक किंमत आहे: उपचारापूर्वीच्या काळातील काही आठवणी पुसल्या जाण्याची शक्यता. रुग्ण दुःखातून बाहेर यावा, पण त्याच्या स्मृतीला धक्का लागू नये, असा मार्ग शोधणे त्यामुळे निकडीचे झाले.

९/
१९६४ मध्ये इंग्लंडमध्ये लिप्पोल्ड आणि रेडफर्न यांनी अगदी सौम्य प्रवाह वापरून पाहिला. डोक्यावर धन अग्र लावले की माणसे उत्साही व सावध होतात, ऋण अग्र लावले की शांत व अलिप्त होतात, असे त्यांनी नोंदवले. आशा पल्लवित झाली. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नियंत्रित चाचणीत मात्र नैराश्यावर खऱ्या आणि लटक्या प्रवाहाच्या परिणामात फरक आढळला नाही. विषय जवळजवळ तीस वर्षे मागे पडला.

१०/
१९८० मध्ये मर्टन आणि मॉर्टन यांनी कवटीवरून उच्च दाबाच्या विजेचा क्षणिक ठोका दिला आणि विरुद्ध बाजूचे स्नायू हलवून दाखवले. पद्धत यशस्वी झाली, पण अडचण एकच: ती वेदनादायक होती. कवटी विजेला अडवते, म्हणून ठोका जोरदार हवा. जोरदार ठोक्याने टाळूची त्वचा आणि स्नायू पिळवटून निघत.

११/
उपाय निघाला १९८५ मध्ये, शेफिल्ड येथे. अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोक्यावर तारेचे वेटोळे धरले आणि त्यातून हजारो अँपिअरचा प्रवाह एका मिलिसेकंदाहूनही कमी काळ सोडला. त्यातून उद्भवलेले चुंबकीय क्षेत्र हाडातून विनासायास आरपार गेले आणि मेंदूच्या पृष्ठभागात त्याने वीज निर्माण केली. टिक् असा आवाज झाला आणि विरुद्ध बाजूचा हात उडाला, तोही वेदनेवाचून. फॅरेडेचा नियम आता मेंदूत काम करत होता. ही पद्धत पुढे टीएमएस या नावाने रूढ झाली.

१२/
हात हलतो, हे ठीक. पण विचारांचे काय? १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या अमासियान आणि सहकाऱ्यांनी लोकांना क्षणभर अक्षरे दाखवली आणि मस्तकाच्या मागील भागावर चुंबकीय ठोका दिला. अक्षर दिसल्यानंतर सुमारे ८० ते १०० मिलिसेकंदांनी ठोका दिला, तर ते ओळखता येईना. त्याच्या बऱ्याच आधी किंवा बऱ्याच नंतर दिला, तर काही फरक पडेना. 'पाहणे' नेमके केव्हा घडते, हे अशा रीतीने मोजता आले.

१३/
१९९१ मध्ये पास्कुआल-लेओने आणि सहकाऱ्यांनी अपस्माराच्या रुग्णांच्या डाव्या मेंदूगोलार्धावर ठोक्यांची मालिका दिली. आकडे मोजता मोजता रुग्णांची वाचा थांबली, ठोके थांबताच ती परत आली.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. बुद्धिव्यापारात क्षणिक व्यत्यय आणणे या साधनाला उत्तम जमते, आणि ते निर्विवाद सिद्ध झाले आहे. बुद्धी वाढवणे ही मात्र निराळी गोष्ट.

१४/
उपचार म्हणून त्याचा आरंभ लहानसाच झाला. १९९५ मध्ये मार्क जॉर्ज आणि सहकाऱ्यांनी औषधांनी बरे न झालेल्या ६ नैराश्यग्रस्तांवर रोज टीएमएस केले. डाव्या कपाळामागचा भाग त्यांनी निवडला होता. दोघांत ठळक सुधारणा दिसली. पण ही पुन्हा लांझारिनीचीच कथा, फक्त ६ जणांची!

काही स्वयंसेवकांना आकडीही आली होती. म्हणून १९९६ मध्ये तज्ज्ञांची बैठक भरली आणि १९९८ मध्ये सुरक्षिततेचे नियम प्रसिद्ध झाले.

१५/
आता अल्दिनीपाशी नव्हती अशी युक्ती कामी आली: लटका उपचार. तोच आवाज, टाळूवर तसाच स्पर्श, पण मेंदूपर्यंत चुंबकीय क्षेत्र पोहोचत नाही. कोणाला खरा आणि कोणाला लटका उपचार मिळाला, हे रुग्णाला सांगायचे नाही आणि सुधारणा मोजणाऱ्यालाही नाही. आस्था दोघांनाही सारखीच मिळते, काळ दोघांसाठीही सारखाच जातो. उरलेला फरक मग चुंबकाचा.

१६/
निकाल काय लागले? २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३०१ रुग्णांच्या चाचणीत मुख्य निकष थोडक्यात हुकला, तरी इतर मापनांत फरक दिसला. अमेरिकेच्या औषध नियामकाने वाद-चर्चेनंतर २००८ मध्ये या यंत्राला मान्यता दिली. २०१० मध्ये १९० रुग्णांची दुसरी चाचणी प्रसिद्ध झाली: खऱ्या उपचाराने १४.१ टक्के रुग्ण लक्षणमुक्त झाले, लटक्याने ५.१ टक्के. परिणाम खरा होता. चमत्कार नव्हता.

१७/
आणि स्मृतीचे काय? इथे वार्ता दिलासादायक आहे. नैराश्यावरील टीएमएसनंतर घेतलेल्या चाचण्यांत स्मृती वा आकलनशक्ती ढासळल्याचे सामान्यतः दिसले नाही. तीक्ष्ण झाल्याचेही फारसे दिसले नाही. नैराश्य ओसरल्यावर लक्ष लागू लागते, हा लाभ लहान नाही. पण तो बराचसा आजार हटल्याचा लाभ असतो.

१८/
इकडे सौम्य प्रवाहाची जुनी वाटही पुन्हा उघडली. २००० मध्ये ग्योटिंगेनच्या निट्शे आणि पाउलुस यांनी दाखवले, की केवळ १ मिलिअँपिअर प्रवाह मेंदूच्या स्नायुचालक भागाची उत्तेजनक्षमता बदलतो. ही पद्धत म्हणजे टीडीसीएस. २००५ मध्ये १५ विद्यार्थ्यांवरील प्रयोगात तात्कालिक स्मृतीच्या कामात सुधारणा नोंदली गेली. मग काय! ९ व्होल्टच्या घटावर घरीच यंत्रे बनू लागली, 'बुद्धी वाढवा' अशा जाहिराती झळकल्या. विजेचे पट्टे नव्या वेषात परत आले.

१९/
२०१३ मध्ये ऑक्सफर्डच्या इउकुलानो आणि कोहेन कादोश यांनी एक विलक्षण गोष्ट दाखवली. नवी अंकचिन्हे शिकताना मेंदूच्या एका भागावर प्रवाह दिला, तर शिकणे जलद झाले, पण शिकलेले सहजपणे वापरण्याची क्षमता घटली. दुसऱ्या भागावर दिला, तर नेमके उलट घडले. परीक्षेच्या आधी कपाळाला तारा लावू पाहणाऱ्याने हा प्रयोग विसरू नये. एका हाताने मिळाले ते दुसऱ्या हाताने गेले.

२०/
२०१५ मध्ये हॉर्वाथ आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले. निरोगी प्रौढांत टीडीसीएसच्या एका सत्राने बुद्धिव्यापारावर खात्रीलायक परिणाम दिसत नाही, असा निष्कर्ष निघाला. त्या पद्धतीवर इतर संशोधकांनी आक्षेपही घेतले. २०१८ मध्ये ब्यूझाकी यांच्या गटाने मृतदेहांवर मोजमाप केले: सुमारे ७५ टक्के प्रवाह त्वचा, ऊती आणि कवटीतच जिरतो. अल्दिनीचे प्रेत चमत्कारासाठी होते, हे मोजमापासाठी.

२१/
नैराश्यावरही टीडीसीएसचा निवाडा अजून झालेला नाही. २०२३ मध्ये जर्मनीतील १६० रुग्णांच्या चाचणीत ते लटक्या उपचाराहून सरस ठरले नाही. २०२४ मध्ये घरच्या घरी, पण तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, १७४ जणांवर झालेल्या चाचणीत ते सरस ठरले. दोन्ही चाचण्या काळजीपूर्वक केलेल्या, तरी उत्तरे परस्परविरोधी. विज्ञान चालू असताना असेच दिसते.

२२/
आता पुन्हा बोलोन्याच्या त्या खाटेकडे वळू. लांझारिनीला आपला आजार सोसवत नव्हता आणि त्याला बरे करू पाहणाऱ्याने आधी आपलेच डोके पुढे केले होते. अल्दिनीचे धैर्य खोटे नव्हते, रुग्णाची सुधारणाही खोटी नव्हती. त्याच्याजवळ नव्हता तो एक दुसरा लांझारिनी: तितकाच दुःखी, तितक्याच मायेने जपलेला, पण ज्याच्या टाळूला टेकवलेल्या तारेत वीजच नाही असा.

२३/
तो दुसरा रुग्ण वैद्यकाला पुढे मिळाला, म्हणूनच आज औषधांनी हार मानलेल्या नैराश्यग्रस्ताला डॉक्टर प्रामाणिकपणे सांगू शकतात: हा उपचार काहींना उपयोगी पडतो, सर्वांना नाही, आणि याने तुमच्या आठवणी जाण्याची भीती फारशी नाही. घराण्यात कोणी त्या अंधारातून जात असेल, तर जाहिरातीकडे न जाता त्यांच्याकडेच जावे. आणि कोणी तुम्हाला बुद्धी वाढवणारे यंत्र विकू लागला, तर त्याला अल्दिनीला विचारायचा राहून गेलेला प्रश्न विचारावा: तुलना कशाशी केली?