तळटीप ७ : कवटीवरून ‘वंश’

७. ‘कवटी पाहताच वंश कळतो’ हे लेखकाचे विधान जसेच्या तसे घेऊ नये. न्यायवैद्यक मानवशास्त्रात नासिकाछिद्राची रुंदी, गालफडांचा उठाव, जबडा किती पुढे आला आहे, अशी मापे व लक्षणे टिपून ती नोंदसंचातील कवट्यांशी ताडतात. निघतो तो अंदाज, आणि तोही त्या संचातल्या गटांपुरता. ‘फोरडिस्क’सारखी संगणकप्रणाली सर्वांत जवळचा गट सुचवते, मृताचा गट संचात नसला तरी कुठलातरी गट जवळचा ठरतोच. (हॉवेल्स यांच्या प्रसिद्ध नोंदसंचात भारतातल्या कवट्या आहेत त्या फक्त अंदमानच्या. सोलापूरच्या माणसाला ती मापे कुठे नेऊन बसवतील, याची कल्पना वाचकांनीच करावी.)

केनेविकचे प्रकरण या संदर्भात पाहण्याजोगे आहे. १९९६ मध्ये अमेरिकेत कोलंबिया नदीकाठी सापडलेल्या, सुमारे साडेआठ हजार वर्षांपूर्वीच्या सांगाड्याची कवटी आधी युरोपीय वळणाची वाटली. मग मापांनी पॉलिनेशियन आणि जपानच्या ऐनू लोकांकडे बोट दाखवले. हा आमचा पूर्वज, असे तिथल्या आदिवासी जमाती सांगत होत्या. २००४ मध्ये न्यायालयाने ते मानले नाही. २०१५ मध्ये डीएनएने मानले, आणि २०१७ मध्ये अस्थी त्यांच्या हवाली होऊन दफन झाले.

इरावती कर्वे यांनीही बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली कवट्यांची असममिती मोजली होती. तिचा वंशाशी संबंध दिसत नाही, हा त्यांचा निष्कर्ष गुरूंच्या अपेक्षेविरुद्ध होता. — संपा.