न्यास, निक्षेप आणि कुटुंबाची मिळकत

धर्मशास्त्रातील निक्षेप म्हणजे परत घ्यावयाची ठेव. तीत स्वामित्व ठेवणाऱ्याकडेच राहते. १८८२ च्या भारतीय न्यास अधिनियमातील न्यास निराळा आहे : मिळकत विश्वस्ताच्या नावे जाते, लाभ मात्र दुसऱ्याचा. शब्दांतील साम्याने हा भेद झाकला जातो.

पुण्याचे सरदार बाबामहाराज पंडित १८९७ मध्ये मृत्युपत्र करून वारले. टिळक, खापर्डे प्रभृती विश्वस्त झाले. १९०१ मध्ये औरंगाबादेस झालेल्या दत्तकविधानावरून उद्भवलेला ताईमहाराज प्रकरणाचा वाद प्रिव्ही कौन्सिलाने १९१५ साली टिळकांच्या बाजूने निकालात काढला. जाणते विश्वस्त असूनही ‘वारस कोण’ हा प्रश्न चौदा वर्षे न्यायालयांत राहिला.

लांज्यात घर व बाग सामाईक सातबाऱ्यावर असल्यास हा इतिहास विसरता कामा नये. अविभक्त हिस्सा एकट्याला, इतर सहदायादांच्या संमतीवाचून, हयातीत न्यासास देता येत नाही. आणि २००५ पासून मुलीही सहदायाद आहेत. म्हणून आधी हिस्से ठरावेत. त्यानंतर वारस अज्ञान वा परावलंबी असेल, तर नोंदणीकृत न्यास सार्थ होय. एरवी बहुधा स्पष्ट मृत्युपत्र पुरेसे ठरते.