सीएनसी राउटर (घरगुती) : सफाई व वंगण

संगणकाने दिलेल्या मापांनुसार तीन दिशांना सरकून लाकूड, एमडीएफ, ॲक्रिलिक वा मऊ धातू कापणाऱ्या लहान यंत्राची निगा. असे संख्यानियंत्रित यंत्र १९५२ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत प्रथम दाखवले गेले. २००९ मध्ये अशी यंत्रे चालवणारी जीआरबीएल ही मुक्त प्रणाली आल्यानंतर ते हौशी माणसाच्या टेबलापर्यंत पोहोचले. छंदवाल्यांच्या ओळखीचा ‘३०१८’ हा प्रकार ३०० बाय १८० मिलिमीटर जागेत काम करतो. मोटर स्क्रू फिरवते, स्क्रूवरचा पितळी नट गाडा ओढतो आणि गाडा बेअरिंगच्या आधाराने पोलादी रॉडवर सरकतो. निगेचा बहुतेक भाग या स्क्रूचा आणि रॉडचाच असतो.

मुंबईत, त्यातही गिरगाव-लालबाग पट्ट्यात, या निगेला एक खास अडचण आहे. मार्च २०१८ मध्ये राज्य सरकारने प्लास्टिक व थर्माकोलवर बंदी आणली आणि त्याच वर्षी जुलैत उच्च न्यायालयाने गणपतीच्या सजावटीसाठीही थर्माकोलला सूट नाकारली. मखरे आणि कमानी एमडीएफ वा प्लायमधून कापण्याला त्यामुळे जोर आला. हे काम येते आषाढ-श्रावणात. म्हणजे यंत्रातून सर्वांत जास्त भुसा निघतो तेव्हाच हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. याच दमट हवेत सूत तुटत नाही म्हणून मुंबईच्या कापड गिरण्यांना ती मानवली. उघड्या पोलादी रॉडला मात्र ती गंज चढवते, आणि चौपाटीजवळ खारा वारा त्यात भर घालतो.

एमडीएफचा भुसा पिठाइतका बारीक असतो. तो ओल धरतो, आणि तेलाशी मिसळला की त्याचा लगदा होऊन स्क्रूच्या आट्यांत बसतो. हा लगदा पॉलिश पेपरसारखा नट घासत राहतो. त्याचा परिणाम कामावर दिसतो. अशा यंत्रांतील स्टेपर मोटरला आपण कुठे पोहोचलो हे उलट कळवणारी सोय सहसा नसते. नट अडखळला, मोटरची पावले चुकली, तरी यंत्र चुकीच्या जागी कापत पुढे जाते. वर्तुळ तोंडाशी जुळत नाही, आणि मखराची तीन मिलिमीटरची जीभ खाचेत शिरत नाही. दोष फाइलमध्ये शोधण्याआधी स्क्रूकडे पाहावे.

म्हणून आधी सफाई, मग तेल. कुरकुर ऐकू येताच मळलेल्या स्क्रूवर तेल सोडणे हा सर्वांत वाईट उपाय होय. यंत्राचा प्लग काढावा, कापणारा बिट उतरवावा, मऊ ब्रशने वरून खाली भुसा झाडत तो व्हॅक्यूमने ओढावा. हवेचा झोत मारू नये. त्याने भुसा बेअरिंगच्या सीलमधून आत ढकलला जातो. स्क्रूच्या आट्यांतून जुना टूथब्रश फिरवावा आणि काळे पडलेले तेल आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओल्या केलेल्या फडक्याने पुसावे. ॲक्रिलिकला ते लागू देऊ नये, तडे जातात. वर्कशॉपमध्ये सर्रास वापरले जाणारे कॉटन वेस्ट इथे टाळलेले बरे, कारण त्याचे तंतू आट्यांत अडकतात. जुने बनियन त्यापेक्षा चांगले. लाकडाची धूळ १९९५ पासून कर्करोगकारक पदार्थांत गणली जाते. तेव्हा एका खोलीच्या घरात झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसावे आणि मास्क लावावा.

रॉडला शिलाई मशीनचे पातळ तेल एक-दोन थेंब पुरते. प्लग पुन्हा लावून, पण बिट फिरवणारे स्पिंडल बंद ठेवून, गाडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावा आणि टोकांशी जमा होणारे तेल पुसून घ्यावे. पितळी नटाच्या स्क्रूला लाकूडकामात सुके टेफ्लॉन वंगण अधिक चांगले, कारण ग्रीस भुसा धरून ठेवते. मोठ्या यंत्रांतील बॉल स्क्रूला मात्र लिथियम ग्रीस चालते. काही यंत्रांत असणारे पट्टे आणि प्लास्टिकची चाके कोरडीच ठेवावीत. स्पिंडलची बेअरिंगे बंद असतात, त्यांना बाहेरून काही घालू नये. बिट पकडणाऱ्या कोलेटला तेल लागले तर बिट सरकतो. भुशाचा एक कण राहिला तरी बिट डुलत फिरतो. घरात हाताशी असलेले खोबरेल वापरू नये: ते २४ अंशांच्या आसपास गोठते आणि जुने झाले की चिकट होते. डब्ल्यूडी-४० पाणी हटवते, गंज सैल करते, पण त्याचा थर टिकत नाही. त्यानंतर खरे तेल द्यावेच लागते. बेअरिंगे, नट व ग्रीस नागदेवी स्ट्रीटवर, तर मोटरी व बोर्ड लॅमिंग्टन रोडवर मिळतात.

यंत्राला तेल घालणे हे गिरणगावात जोखमीचे काम होते. १९४८च्या कारखाने कायद्याच्या २२व्या कलमानुसार चालू यंत्राला वंगण द्यावेच लागले, तर ते खास शिकवलेल्या प्रौढ कामगाराने अंगाला घट्ट बसणारे कपडे घालूनच द्यायचे असे. घरच्या राउटरला फिरत्या बिटजवळ हात नेऊन तेल घालण्याची गरज कधीच पडत नाही. टेबलावर मावते म्हणून या यंत्राला निरुपद्रवी समजणे घातक आहे.

विसर्जनानंतर यंत्र महिनोन्महिने पडून राहते. तेव्हा जुने तेल पूर्ण पुसून रॉडवर नवा पातळ हात द्यावा. झाकण कापडाचे असावे. प्लास्टिकखाली ओल कोंडते. बेअरिंगखालच्या जागी गंज धरू नये म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी स्क्रू हाताने फिरवून गाडा टोकापर्यंत सरकवावा.