सरकलेली गादी जाते कुठे?

‘मणक्यातली गादी सरकली’ असे आपण म्हणतो. सरकलेली वस्तू जागेवर बसवावी, नाहीतर काढून टाकावी, असे या शब्दामुळे वाटते. या दुखण्याचा इतिहास वाचताना मला तिसरीच वाट दिसली.

१९३४ साली बोस्टनच्या विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार या डॉक्टरांनी १९ रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. गादीतला गर फुटून बाहेर येतो आणि पायाकडे जाणाऱ्या नसेच्या मुळाला दाबतो, हे त्यांनी दाखवले. तोवर असे तुकडे बहुधा कूर्चेच्या गाठी समजले जात. सायटिकाचे ठोस कारण हाती आले आणि शस्त्रक्रिया वाढल्या. पण तुकडा प्रत्यक्ष दिसे तो पाठ उघडल्यावरच. ज्यांची पाठ उघडलीच नाही, त्यांच्या तुकड्याचे पुढे काय झाले, हे कळायला मार्ग नव्हता.

नॉर्वेच्या हेन्रिक वेबर यांनी शस्त्रक्रिया करावी की नाही अशा काठावरच्या १२६ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. दहा वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष १९८३ मध्ये आले. पहिल्या वर्षी शस्त्रक्रियेचा गट स्पष्टपणे पुढे होता. चौथ्या वर्षी फरक फारसा उरला नाही, दहाव्या वर्षी तो दिसेना.

सीटी आणि एमआरआय आल्यावर कोडे उलगडले. काही महिन्यांनी पुन्हा प्रतिमा घेतली, तर अनेकांचा तुकडा आक्रसलेला किंवा नाहीसा झालेला दिसे. तो बहुधा जागेवर परतलेला नसतो. शरीरानेच तो पचवलेला असतो. गादीच्या गरात रक्तवाहिन्या नसतात. तो बाहेर पडला की शरीर त्याला परका समजते. भोवती नव्या केशवाहिन्या फुटतात, भक्षक पेशी येऊन त्याचा फडशा पाडतात. त्यातले पाणीही आटते. २०१५ च्या एका संकलित अभ्यासात पूर्ण सुटलेल्या तुकड्यांपैकी ९६ टक्के आक्रसले होते, नुसत्या फुगलेल्या गाद्यांपैकी १३ टक्केच. चित्रात जे सर्वांत भयंकर दिसते, तेच विरण्याची शक्यता जास्त!

म्हणून शस्त्रक्रिया व्यर्थ ठरत नाही. लघवी-शौचावरचा ताबा सुटला, बसण्याच्या जागी बधिरपणा आला किंवा पायातली शक्ती झपाट्याने जाऊ लागली, तर थांबणे घातक आहे. आणि वेबर यांच्या पहिल्या वर्षातला फरकही खराच आहे. रोज ओझी उचलून पोट भरणाऱ्याला वेदनेचे एक वर्ष परवडत नाही. धोक्याची लक्षणे नसलेल्या बहुतेकांपुढचा खरा प्रश्न मात्र ‘कापायचे की नाही’ यापेक्षा ‘किती काळ थांबता येईल’ हा असतो.