चित्रकाच (मध्ययुगीन पद्धत)

चित्रकाच : रंगीत काचेचे तुकडे कापून, त्यांवर गडद रेखाटन करून, ते भट्टीत भाजून व शिशाच्या पट्ट्यांनी जोडून केलेले खिडकीतले चित्र. युरोपातील चर्चमध्ये ही कला १२व्या-१३व्या शतकांत बहरली. जर्मनीतील आउग्सबुर्ग कॅथीड्रलमधील संदेष्ट्यांच्या खिडक्या मूळ जागी टिकलेल्या सर्वांत जुन्या चित्रकाचांत गणल्या जातात.

कृतीचे उत्तम वर्णन थिओफिलस या मठवासी कारागिराच्या १२व्या शतकारंभीच्या लॅटिन ग्रंथात आहे. वाळू आणि बीच झाडाची राख वितळवून काच होई. कोबाल्टमुळे ती निळी होई, तांब्यामुळे लाल. तांब्याची लाल काच जाड असली तर जवळजवळ काळी दिसते, म्हणून पांढऱ्या काचेवर तिचा पातळ थर चढवत. खडू लावलेल्या फळीवर पूर्ण मापाचा आराखडा काढला जाई. त्यावर काच ठेवून तापलेल्या लोखंडाने ती तडकवत व कडा खाचेच्या हत्याराने कुरतडून नीट करत. जाळलेल्या तांब्याची आणि काचेची पूड वाइनमध्ये किंवा मूत्रात कालवून चेहरे, बोटे, वस्त्रांच्या चुण्या रंगवत. हा लेप प्रकाश अडवतो. चित्रकाचेचे खरे कौशल्य इथेच आहे : कुठे किती उजेड रोखायचा, हे कारागीर ठरवतो. भाजलेले तुकडे दोन्ही बाजूंना खाच असलेल्या शिशाच्या पट्ट्यांत बसवून सांध्यांना डाख देत. १४व्या शतकारंभी चांदीच्या संयुगाचा लेप आला. भाजल्यावर तो काच पिवळी करी, त्यामुळे चेहरा आणि सोनेरी केस एकाच तुकड्यावर साधता आले.

फ्रान्समधील शार्त्र कॅथीड्रलमध्ये सुमारे ११८० सालची निळ्या वस्त्रांतली मेरी ११९४च्या आगीतून वाचली. पुढे १३व्या शतकातल्या नव्या काचांच्या मधोमध तिला बसवण्यात आले. त्या निळ्याला तोड नाही. इंग्लंडमधील यॉर्क मिन्स्टरची पूर्वेची भव्य खिडकी जॉन थॉर्नटन यांनी १४०५ ते १४०८ या काळात पूर्ण केली. चित्रांचे रेखाटन त्यांनी स्वतःच्या हाताने करावे, अशी अट करारात होती.

१९व्या शतकात गॉथिक शैली पुन्हा रुजली, तेव्हा मुंबईतही चित्रकाच आली. कुलाब्याचे अफगाण चर्च आणि मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर ही तिची ठळक ठिकाणे आहेत. गोव्याच्या जुन्या इमारतींत मात्र खिडक्यांना शिंपल्यांच्या पातळ चकत्या बसवत. तिथला उजेड दुधी आणि चित्राविना असतो.

आजचे हौशी कलावंत चाकाच्या कटरने काच कापतात आणि पुष्कळदा शिशाऐवजी कडांना तांब्याची पट्टी चिकटवतात. टिफनींच्या अमेरिकन कार्यशाळेमुळे ती पद्धत प्रसिद्ध झाली. लहान दिव्यांसाठी ती सोयीची आहे, पण मध्ययुगीन ढंग हवा असेल तर शिसेच घ्यावे, कारण त्याची जाड काळी रेषा हेच त्या चित्राचे मूळ रेखाटन असते. आराखड्यात आधी ती रेषा पक्की करावी, रंग नंतर निवडावेत. शिसे विषारी आहे : डाख देताना खोली हवेशीर ठेवावी, कामाच्या टेबलावर खाऊ नये आणि हात साबणाने धुतल्याशिवाय उठू नये.