चार आणे ते दोन रुपये : मुंबईकर थिएटर कसं निवडत आला



‘सिनेमाला कुठं जायचं?’ हा काही इतिहासाचा प्रश्न वाटत नाही. घरात शनिवारी संध्याकाळी पाच मिनिटांत सुटणारा तो प्रश्न आहे. पण नीट बघा. त्या पाच मिनिटांत आपण काय काय ठरवतो? खिशात किती आहेत, बरोबर कोण आहे, आई-वडील आहेत की कॉलेजची मित्रमंडळी, लांब जायचं की जवळच, नवे कपडे घालायचे की आहे तसंच निघायचं. म्हणजे आपण नुसतं थिएटर निवडत नाही. शहरातली आपली जागा कुठं आहे, याचा हिशेबच मांडत असतो. मुंबईत हा हिशेब गेली सव्वाशेहून जास्त वर्षं चालू आहे, आणि आज आपण तो तिकिटाच्या दराच्या अंगानं बघणार आहोत.

सुरुवात अर्थातच १८९६ सालापासून. ७ जुलै १८९६ रोजी काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंच्या चित्रफितींचा खेळ झाला. ही तारीख आपल्या सगळ्यांना पाठ असते. तिकिटाचा दर मात्र कुणी फारसा सांगत नाही. तो होता एक रुपया, सरसकट. त्या काळातला रुपया म्हणजे सोळा आणे, आणि कष्टकरी माणसाच्या दृष्टीनं मोठी रक्कम. शिवाय जागा हॉटेलातली. म्हणजे कोण येणार हे दारातच ठरलं.

पुढं काय झालं ते जास्त महत्त्वाचं आहे. आठवड्याभरातच हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात हलले. हे नाटकाचं थिएटर. थोड्याच दिवसांत तिथं वेगवेगळे दर लागू झाले : सर्वांत कमी चार आणे, सर्वांत जास्त दोन रुपये. पडदानशीन स्त्रियांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी राखीव बॉक्सही ठेवले गेले. म्हणजे सिनेमा मुंबईत येऊन महिनाही झाला नव्हता, आणि ‘कुणाला किती परवडतं’ आणि ‘बरोबर कोण आहे’ या दोन्ही प्रश्नांची उत्तरं तिकिटावर छापून तयार होती! आजच्या विषयाचं सगळं बीज त्या एका दरपत्रकात आहे.

आता एक गंमत लक्षात घ्या. नॉव्हेल्टीत महाग जागा कुठली? रंगमंचासमोरच्या खुर्च्या आणि ड्रेस सर्कल. स्वस्त जागा वरती, मागं, गॅलरीत. हा नाटकाचा हिशेब झाला. नटाचा चेहरा दिसला पाहिजे, आवाज ऐकू आला पाहिजे, म्हणून पुढची खुर्ची महाग. सिनेमानं हा हिशेब उलटा केला. पडदा मोठा, पुढं बसलं की मान वर करून बघायचं, डोळ्यांवर ताण. मागं आणि थोडं उंचावर बसलं की चित्र नीट दिसतं. म्हणून सिनेमात पुढची जागा सर्वांत स्वस्त आणि बाल्कनी सर्वांत महाग झाली. लोअर स्टॉल, अप्पर स्टॉल, बाल्कनी ही उतरंड आपल्यातल्या पन्नाशीच्या पुढच्यांना सांगायला नको. नाटकाच्या पिटात बसणारा माणूस सिनेमात पडद्याच्या सगळ्यांत जवळ गेला. शिट्टी पहिली कुठून यायची? तिथूनच!

दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लागला. फाळक्यांच्याच बाबतीत सुरतेचा एक किस्सा सांगतात. तिथल्या व्यवस्थापकाचं म्हणणं असं, की इथले लोक दोन आण्यात सहा तासांचं नाटक बघतात, ते तीन आणे देऊन दीड तासाचा खेळ कशाला बघतील? फाळक्यांनी जाहिरातीत फिल्मची लांबीच सांगितली. सत्तावन्न हजार छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र, आणि दर फक्त तीन आणे! किस्सा हसण्यासारखा आहे, पण त्यातला प्रेक्षक खुळा नाही. माझ्या पैशात मला किती वेळ करमणूक मिळते, हे तो मोजतो. आपणही आज तिकिटाबरोबर पॉपकॉर्नचा दर बघून तेच करतो.

१४ मार्च १९३१ ला गिरगावातच मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला. पहिला भारतीय बोलपट. गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले. अर्देशीर इराणींचे भागीदार अब्दुलअली युसूफअली यांनी पुढं सांगितलेल्या आठवणीनुसार चार आण्यांचं तिकीट चार-पाच रुपयांना विकलं गेलं. म्हणजे काळा बाजार बोलपटाच्याच वयाचा आहे, असं म्हणायला हरकत नाही. आणि इथं दरपत्रकाची मर्यादाही कळते. छापलेला दर चार आणे असला, तरी चार आणेवाल्याला ती जागा मिळेलच याची खात्री नव्हती.

आता येतो तो काळ, ज्यानं मुंबईला तिची देखणी थिएटरं दिली. कुलाब्याला रीगल, १९३३ सालचं. वास्तुरचना चार्ल्स स्टीव्हन्स यांची. व्हीटी स्टेशन बांधणारे फ्रेडरिक स्टीव्हन्स यांचे हे चिरंजीव. रीगलला वातानुकूलन होतं, लिफ्ट होती, तळघरात गाड्या ठेवायची सोय होती. गाड्या ठेवायची सोय! म्हणजे प्रेक्षक कोण अपेक्षित आहे ते इमारतच सांगते. १९३८ साली दोन थिएटरं आली. चर्चगेटसमोर इरॉस, शियावक्स कंबाटा यांचं, आणि धोबीतलावाला मेट्रो, जे हॉलिवूडच्या मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीनं स्वतः बांधलं. इथं इंग्रजी चित्रपट लागायचे. लोक आवरून-सावरून जायचे. तिथं जाणं हाच एक प्रसंग असायचा, चित्रपट कुठला हा नंतरचा प्रश्न.

मग मराठी माणूस कुठं जायचा? गिरगावात सेंट्रल होतं. प्रभातचा ‘संत तुकाराम’ डिसेंबर १९३६ मध्ये तिथं लागला आणि वर्षभराहून अधिक, ५७ आठवडे चालला. लालबागला भारतमाता, गिरणगावाच्या ऐन मध्यावर. पाळी सुटलेला कामगार पायी पोचेल इतक्या अंतरावर, आणि दर त्याच्या खिशाला पेलणारे. दादरला प्लाझा, ज्याच्याशी व्ही. शांताराम यांचं नाव जोडलेलं आहे. ग्रँट रोडकडं गेलात तर पिला हाऊस. हा ‘प्ले हाऊस’चा मुंबईकरांनी केलेला अपभ्रंश. नाटकांची जुनी थिएटरं तिथं सिनेमाची झाली. हमाल, हातगाडीवाले, गावाकडून एकटे आलेले कामगार तिथं जुने चित्रपट बघायचे. आल्फ्रेडसारख्या थिएटरात अगदी अलीकडच्या काळापर्यंत दोन-अडीच तासांचा पंखा आणि खुर्ची मिळून तिकीट चहा-वडापावाच्या हिशेबात बसायचं.

१९४९ साली मरीन लाइन्सजवळ लिबर्टी उघडलं. नावातच स्वातंत्र्य. आतापर्यंत झगमगाट होता तो इंग्रजी चित्रपटांसाठी. हबीब हुसेन यांनी तसंच ऐश्वर्य हिंदी चित्रपटासाठी उभं केलं आणि मेहबूब खान यांच्या ‘अंदाज’नं सुरुवात केली. ही साधी गोष्ट नव्हे. ‘आपल्या भाषेतला चित्रपट बघायला आपणही नटूनथटून जाऊ शकतो’ असं एका थिएटरानं शहराला सांगितलं. पुढं १९५८ ला मुंबई सेंट्रलला मराठा मंदिर झालं. ५ ऑगस्ट १९६० ला तिथं ‘मुघल-ए-आझम’चा प्रीमियर झाला, तिकिटासाठी लोक दिवसच्या दिवस रांगेत राहिले.

इथं क्षणभर थांबू, कारण या जुन्या थिएटरांबद्दल बोलताना आपला गळा भरून येतो आणि विचार थांबतो. असं म्हणतात, की एकाच छताखाली शेठ आणि हमाल एकच चित्रपट बघायचे, म्हणजे केवढी समानता! जरा जपून. छत एक होतं, पण तिकीटखिडक्या वेगळ्या होत्या. बऱ्याच ठिकाणी बाल्कनीचा जिना वेगळा, स्टॉलचं दार वेगळं. मध्यंतरातला चहाचा स्टॉलही पुष्कळदा वेगळा. बाईमाणूस बरोबर असेल तर लोअर स्टॉलमध्ये बसायचं नाही, हा घराघरांतला अलिखित नियम होता. महिन्याचं गणित जमलं नाही तर कुटुंबाचा सिनेमा रद्द व्हायचा, एकट्या पुरुषाचा नाही. बायकांची वेगळी रांग ही सोय होती हे खरं, पण ती सोय का लागायची, हाही प्रश्न आहेच.

तरीही एक गोष्ट त्या व्यवस्थेत होती. ‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ ला मिनर्व्हात लागला आणि पाच वर्षं चालला. त्या सगळ्या काळात सर्वांत स्वस्त तिकीट काढणाऱ्याला तोच मोठा पडदा, तोच आवाज, तीच प्रिंट मिळत होती. खुर्ची कमी प्रतीची होती, चित्रपट कमी प्रतीचा नव्हता. दर हा एका थिएटराच्या आत चढत-उतरत होता. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढं नेमकं हेच बदललं.

ऐंशीच्या दशकात व्हिडिओ आला, मग केबल आलं. मध्यमवर्ग घरी बसला. थिएटरांची देखभाल ढासळली. १९९४ मध्ये ‘हम आपके है कौन’ लिबर्टीत लागला तेव्हा थिएटर साफसूफ केलं गेलं, दर वाढवले गेले, आणि कुटुंबं परत आली. तो तिथं शंभराहून अधिक आठवडे चालला. धंद्यानं त्यातून धडा घेतला : कुटुंबं जास्त पैसे द्यायला तयार आहेत, फक्त जागा चांगली हवी. १९९७ मध्ये दिल्लीत साकेतला पहिलं मल्टिप्लेक्स आलं. २००१ च्या सुमारास महाराष्ट्र सरकारनं मल्टिप्लेक्सना सुरुवातीची वर्षं करमणूक करात सवलत दिली. जुनी एकपडदा थिएटरं मात्र कर भरत राहिली.

मल्टिप्लेक्सचं गणित साधं आहे. हजार खुर्च्यांचं एक थिएटर भरलं तर भरलं, नाहीतर रिकामं. त्याऐवजी दोन-अडीचशे खुर्च्यांचे चार-पाच पडदे असले, की छोटा चित्रपट छोट्या पडद्यावर, मोठा मोठ्यावर. लहान बजेटच्या मराठी चित्रपटांना यातून जागा मिळाली, हे मान्य केलं पाहिजे. बायका-मुली एकट्यानं सिनेमाला जाऊ लागल्या, हेही. पण लोअर स्टॉल गेला. आता दर थिएटराच्या आत फारसा चढत-उतरत नाही. तो एका थिएटरापासून दुसऱ्या थिएटरापर्यंत, एका वारापासून दुसऱ्या वारापर्यंत चढतो-उतरतो. स्वस्तात बघायचं असेल तर पुढची खुर्ची नाही, वेगळी इमारत शोधावी लागते. आणि त्या इमारती एकेक करून बंद होत आहेत. दादरचं चित्रा २०१९ मध्ये बंद झालं.

सरकारचं दरपत्रक बघा, तिथंही ही रेघ दिसते. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर १८ टक्के आणि त्यावर २८ टक्के कर होता. २०१९ पासून तो १२ आणि १८ झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये शंभराखालच्या तिकिटाचा कर ५ टक्क्यांवर आला. सवलत चांगलीच आहे. पण मुंबईत १०० रुपयांखालचं तिकीट कुठं मिळतं, असं विचारलं तर बोटं मोजायची वेळ येते.

तर मग आज कुठं जायचं? इतिहास बघून मी एवढंच सुचवीन. भव्य चित्र आणि आवाज हवा असेल, खिसा जड असेल, तर इरॉस २०२४ पासून आयमॅक्स होऊन परत सुरू झालं आहे. बाहेरची ती १९३८ ची वास्तू तरी आधी दोन मिनिटं बघा. चित्रपटाबरोबर टाळ्या-शिट्ट्या हव्या असतील, तर वांद्र्याचं गेटी-गॅलेक्सी. मराठी चित्रपट मराठी प्रेक्षकांच्या गर्दीत बघायचा असेल, तर दादरचं प्लाझा. आणि हातात थोडेच पैसे, थोडाच वेळ असेल, तर मराठा मंदिर. ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ तिथं ऑक्टोबर १९९५ ला लागला, डिसेंबर २०१४ मध्ये त्याचे हजार आठवडे झाले, आणि त्यानंतरही खेळ चालू राहिले. एवढी वर्षं तो कोण बघतं, असं लोक हसून विचारतात. समोर रेल्वे स्टेशन आहे, शेजारी एसटी स्टँड आहे. गाडीला वेळ असलेला प्रवासी, सुट्टीचा कामगार, जवळ बसायला जागा नसलेलं जोडपं. शहरात सावलीत तीन तास बसायला इतक्या कमी पैशांत दुसरी जागा कुठं आहे, ते सांगा!

नॉव्हेल्टीच्या मालकांनी १८९६ मध्ये चार आण्यांची जागा ठेवली ती काही दयेपोटी नाही, धंदा म्हणून ठेवली. स्वस्त खुर्च्या भरल्याशिवाय थिएटर भरत नाही, हे त्यांना कळत होतं. पण त्या हिशेबातून या शहरातल्या चार आणेवाल्यालाही आपल्या काळाचा सिनेमा, तो नवा असतानाच, बघायला मिळाला. तो मोबाइलच्या पडद्यावर बघता येतोच की, असं तुम्ही म्हणाल. येतो. पण हजार माणसांबरोबर हसण्याचा दर मोबाइलवर लागत नाही. शहरानं ती खुर्ची कुठंतरी ठेवायला हवी, हे माझं मत. ते तुम्हाला पटतं का, यावर आता प्रश्नोत्तरांत बोलू.