आवाजाची वाटणी

‘आलम आरा’चं चित्रीकरण रात्री चालायचं. स्टुडिओ रेल्वेरुळांना लागून होता. दिवसभर गाड्यांची धडधड असे, मध्यरात्र उलटली की जरा उसंत मिळे. वादक कॅमेऱ्याच्या नजरेआड लपून बसत, नट समोर उभे राहत, आणि चित्र व आवाज एकाच फिल्मवर एकाच दमात उमटत. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये तो बोलपट झळकला, तेव्हा ध्वनिसंकलक आणि ध्वनिमिश्रक अशी दोन माणसं असायचं कारणच नव्हतं. गाणाऱ्याचा गळा किती आणि साथ किती, हे माइक कुठे धरलाय त्यावर ठरे. एकदा ठरलं की कायमचं. कात्री लावणंही अवघड, कारण फिल्मवर एखादं चित्र आणि त्याचा आवाज शेजारी नसतात, काही चौकटींचं अंतर असतं. दृश्य कापावं तर वाक्य भलतीकडेच तुटे.

अमेरिकेतही आरंभ असाच होता. वॉर्नर ब्रदर्सने १९२६ साली ‘डॉन हुआन’ला संगीत जोडलं ते तबकडीवरून, आणि तबकडी कापता येत नाही. आवाजाची स्वतंत्र फिल्म आली, तेव्हा ती चित्राच्या फिल्मसारखीच कापता, जोडता, मागेपुढे सरकवता येऊ लागली. ध्वनिसंकलकाचा जन्म या कापण्या-जोडण्याच्या टेबलावरचा. पण संवाद, पावलं, वारा, संगीत अशा वेगवेगळ्या पट्ट्या शेवटी एकत्र तर करायलाच हव्यात. त्यासाठी सगळ्या पट्ट्या एका वेळी चालवून, प्रत्येकीची पातळी हाताने सांभाळत, नव्या फिल्मवर पुन्हा ध्वनिमुद्रण करावं लागे. या कामाला मोठी खोली, पडदा आणि निराळी यंत्रं लागली, आणि निराळी माणसंही. एका घरात दोन चुली पेटल्या त्या इथे.

‘किंग काँग’मध्ये (१९३३) ही वाटणी स्पष्ट ऐकू येते. मरे स्पिव्हॅकने वाघ-सिंहांच्या डरकाळ्या मुद्रित केल्या, त्या संथ केल्या, उलट्या चालवल्या आणि त्यांतून कधीच अस्तित्वात नसलेल्या प्राण्याचा गळा घडवला. हे झालं आवाज घडवणं. पण ती गर्जना चालू असताना नायिका फे रे हिची किंकाळी आणि संगीतकार मॅक्स स्टायनरचा वाद्यवृंदही ऐकू यायला हवा, तो हिशेब वेगळा.

गजबजलेल्या रेल्वे फलाटावरचं एखादं दृश्य घ्या. कुठल्या गाडीचा ब्रेक किंचाळणार, कबुतरं कोणत्या क्षणी उडणार, नायिकेच्या संवादातला एक पुसट शब्द दुसऱ्या टेकमधून उचलायचा का, हे ध्वनिसंकलक ठरवतो. मिश्रकाकडे हे सगळं रचून येतं. गाडी किती मोठी, घोषणा कुठल्या कोपऱ्यातून, आणि ‘जाते मी’ म्हणताना सारा फलाट किती मागे सारायचा, हा त्याचा निर्णय. माझ्या मते मिश्रकाची खरी कसोटी आवाज दाबण्यात आहे. संकलकाने आठवडाभर खपून जमवलेला पाऊस त्याला कधी कधी जवळजवळ पुसावा लागतो, आणि दृश्य त्यानेच तरतं.

या दोन कामांबद्दलचा गोंधळ वाढला तो ऑस्करमुळे. १९३० साली पहिल्यांदा दिला गेलेला पुरस्कार ‘ध्वनिमुद्रणा’चा होता, ‘द बिग हाउस’साठी तो डग्लस शिअररच्या एमजीएम ध्वनिविभागाने घेतला. ध्वनिपरिणामांसाठी वेगळा पुरस्कार सुरू झाला तो १९६३च्या चित्रपटांपासून. जुना पुरस्कार पुढे मिश्रणाचा झाला, तरी त्याच्या मूळ वंशातला, म्हणजे प्रत्यक्ष चित्रीकरणस्थळी ध्वनिमुद्रण करणारा माणूस, त्यातच राहिला. म्हणून २००९ साली ‘स्लमडॉग मिलियनेअर’साठी रसूल पुकुट्टी या पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या ध्वनिमुद्रकाला मिळालेला ऑस्कर मिश्रणाचा होता. त्याने मुंबईच्या गल्ल्यांमधला आवाज जागेवर टिपला होता. त्याच्यासोबत इयन टॅप आणि रिचर्ड प्राइक या मिश्रकांनाही तो मिळाला. संकलनाचा त्या वर्षी ‘द डार्क नाइट’कडे गेला.

पुढे संगणकाने दोन खोल्यांमधली भिंतच पाडली. संकलकाने ठरवलेल्या पातळ्या त्याच फाइलमधून मिश्रकापर्यंत पोचू लागल्या. २०२० साली ऑस्कर देणाऱ्या अकादमीने दोन्ही पुरस्कार एक केले. ते मला पटतं, कारण त्यात दोन्हीकडच्या माणसांना जागा उरली.

आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांनी आधी उलटी वाट धरली होती. २००९च्या चित्रपटांपासून स्थळध्वनिमुद्रक, आवाज घडवणारा साउंड डिझायनर आणि अंतिम मिश्रण करणारा री-रेकॉर्डिस्ट असे तीन मान वेगळे झाले. २०२२ साली जाहीर झालेल्या पुरस्कारांत ‘मी वसंतराव’च्या साउंड डिझाइनसाठी अनमोल भावे यांचा गौरव झाला. त्याच यादीत स्थळध्वनिमुद्रणाचा मान ‘डोळ्ळू’ या कन्नड चित्रपटाला मिळाला. तो फक्त सिंक साउंडच्या, म्हणजे जागेवर आवाज टिपलेल्या चित्रपटांसाठी राखलेला, आणि हा चित्रपट तर डब केलेला होता. हे त्याच्याच साउंड डिझायनरने जाहीरपणे सांगितलं. परीक्षकांनाही हा फरक कळू नये, याचं मला आजही वाईट वाटतं. पण त्यावर इलाज परीक्षक जाणते करण्याचा होता. घडलं वेगळंच. २०२४ पासून तिन्ही मानांच्या जागी एकच पुरस्कार उरला, साउंड डिझायनरचा. चित्रीकरणाच्या जागी आवाज टिपणारा आणि शेवटच्या खोलीत बसून आवाज तोलणारा, असे दोघेही त्या यादीतून गेले.